रिकामा दिसणारा चिखल: खाडीकाठच्या एका कांदळवन लागवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका खाडीच्या मुखापासून दोनेक किलोमीटर आत हे गाव आहे. गावाचं, माणसांचं आणि निधी देणाऱ्यांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी तालुक्याच्या ठिकाणी वनस्पतिशास्त्र शिकवते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, आणि नोंदवहीच्या कामात तिला मी मदत करते. त्यामुळे या प्रकरणातल्या एका मोठ्या चुकीवर माझीही सही आहे.

गावाजवळ खाडी वळण घेते. वळणाच्या आतल्या बाजूला गाळ साचत आला आहे. गावाच्या बांधावर उभं राहून पाण्याकडे पाहिलं की झाडं ठरलेल्या क्रमाने दिसतात. बांधाच्या पायथ्याशी हुरा आणि काटेरी मारांडी. पुढे मोकळीढाकळी तिवरं. मग एका जुन्या चरीच्या दोन्ही कडांना कांदळांची दाट रांग, कमानीसारखी मुळं चिखलात रोवून उभी. त्यापुढे पुन्हा थोडी तिवरं, आणि सगळ्यात बाहेर, लाटा अंगावर घेत, पांढरी चिप्पी. ही चिप्पी म्हणजे २०२० साली महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलेलं झाड. खाडीतून वर, जिथे नदीचं गोडं पाणी मिसळतं, तिथे काजळा भेटतो. तो वळणावर जवळजवळ नाहीच.

चिप्पीच्या पुढे मात्र एकही झाड नाही. उधाणाच्या ओहोटीला तिथे हेक्टर-सव्वा हेक्टर चिखल उघडा पडतो आणि उन्हात चमकतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, केवढी जागा वाया जाते आहे.

एका कंपनीच्या सामाजिक निधीतून एका संस्थेला कांदळवन लागवडीचे पैसे मिळाले होते. उद्दिष्ट रोपांच्या संख्येत होतं: ५,००० रोपं, एका पावसाळ्यात. संस्थेतली तरुण मुलं मनापासून काम करणारी होती. त्यांनी पंचायतीला विचारलं, पंचायतीने समितीला, समितीने मला. जागा पाहायला आम्ही गेलो त्या दिवशी अष्टमी होती. ही तिथी पुढे महत्त्वाची ठरली.

आपल्याकडे भरतीचा ढोबळ हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या आसपास ओहोटी. शिवाय अष्टमी म्हणजे भांग. पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. आम्ही साडेअकराला तिथे उभे होतो. चिप्पीच्या पुढचा बराचसा चिखल उघडा होता, घोट्याएवढा मऊ. त्याच जागी अमावास्येच्या भरतीला छातीभर पाणी चढतं, हे त्या तासाभरात दिसण्याची सोयच नव्हती. विचारलं असतं तर कळलं असतं.

कोणती जात लावायची यावर वीस मिनिटं चर्चा झाली. मी कांदळ सुचवला. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि हातभर लांब शेंग होऊन लोंबतं. पावसाळ्यात पिकलेली शेंग गोळा करायची आणि चिखलात खोचायची, रोपवाटिकेचीही गरज नाही. चिप्पीचं बी बारीक, त्याची रोपं वाढवणं जिकिरीचं. तिवराच्या बिया पाण्यासोबत वाहून जातात. सोय कशात आहे हे पाहून मी जात निवडली. जागेचा विचार तिथे झालाच नाही.

लागवड आणि तिचं काय झालं

ऑगस्टअखेर शाळेची मुलं, संस्थेचे कार्यकर्ते आणि गावातली तरुण मंडळी मिळून पाच हजारांच्या आसपास शेंगा दीड-दीड मीटरवर खोचल्या गेल्या. रांगा सरळ होत्या, फोटो सुंदर आले. गुरं येऊ नयेत म्हणून बाजूने जुनी जाळी बांधली.

ऑक्टोबरमध्ये बऱ्याच शेंगांना वर दोन-दोन पानं आली, सगळे खूश झाले. शेंगेतच अन्नाचा साठा असतो, त्यावर तीन-चार महिने ती कुठेही हिरवी राहते, हे मला माहीत होतं. तरी त्या पानांवर मी विश्वास ठेवला. डिसेंबरपासून गळती सुरू झाली. मार्चमध्ये मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले तेव्हा रांगांच्या जागी काळ्या काटक्या उरल्या होत्या.

एक मेलेली शेंग मी उपटून हातात घेतली. मूळची बोटाएवढी जाड, पण आता मनगटाएवढी झालेली. खालपासून वरपर्यंत बार्नॅकल चिकटले होते. बंदरावरच्या होडीच्या बुडाला पांढरे खरखरीत शंकू चिकटतात, तेच हे जीव. त्यांच्या फटीफटीत नखाएवढी कालवंही बसली होती. एवढ्या वजनाने शेंग प्रवाहात वाकते, हलत राहते, आणि बुडाशी भोक मोठं होत जाऊन शेवटी आडवी पडते. काहींना हिरव्या शेवाळाचे झुबके गुंडाळले होते. बांधाकडच्या थोड्या शेंगा खेकड्यांनी कुरतडल्या होत्या.

मे महिन्यात मोजल्या तेव्हा चारशेच्या आसपास जिवंत होत्या. त्यातल्या बहुतेक एकाच कोपऱ्यात होत्या, चिप्पीला लागून, जिथे चिखल वीतभर उंच आहे.

दरम्यान दुसरी गोष्ट घडत होती. जाळी दोनदा कापली गेली. एका पहाटे दोन रांगा उपटलेल्या सापडल्या. संस्थेच्या मुलांना हा द्वेष वाटला आणि पोलिसांत तक्रार देण्याची भाषा सुरू झाली. सरपंचांनी त्याआधी बैठक बोलावली, हे त्यांचं मोठेपण.

काकींची हरकत

बैठकीत बराच वेळ बाप्येच बोलत होते. मग मागे बसलेल्या एक काकी उठल्या. चाळीस वर्षं त्या या खाडीत खुबे, मुळे, तिसरे काढतात, आणि तेच विकून दोन मुलांची शिक्षणं केली.

"झाडां लावा, आमी नको म्हणनव नाय," त्या म्हणाल्या. "पण थंय पीक आसा. तुमका दिसणा नाय म्हणान ती जागा रिकामी?"

त्या चिखलात उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे आणि संध्याकाळी, पंधरा-वीस बायका उतरतात. पायाच्या बोटांनी चाचपून, हाताने उकरून टोपली भरतात. जाळीने त्यांची वाट बंद झाली होती. रांगांमधून चालताना बार्नॅकल लागलेल्या काटक्यांनी पोटऱ्या फाटत होत्या. जाळी कोणी कापली हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

बैठक संपल्यावर काकी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गे बाय, चिपीच्या खाली झाड रवणा नाय. रवला असता तर कधीच इला असता." म्हणजे तिथे झाड टिकत नाही, टिकलं असतं तर कधीच आलं असतं.

पुढचं सगळं काम या एका वाक्याच्या मागे गेलं. खाडीत दर पावसाळ्यात लाखो बिया आणि शेंगा तरंगत असतात. त्या चिखलावर त्या वर्षानुवर्षं येऊन पडत आल्या आहेत. तरीही तिथे एक झाड नाही. याचं कारण शोधल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं.

पंधरा दिवसांची मोजणी

बांधापासून ओहोटीच्या पाण्यापर्यंत सरळ रेषेत आम्ही बारा बांबू रोवले. प्रत्येकावर ऑइलपेंटने वीत-वीत अंतरावर पट्टे मारले. सगळ्या बांबूंवरचे पट्टे एका पातळीत यावेत म्हणून गवंड्याकडची पाण्याची नळी वापरली. एका भांगापासून पुढचं उधाण ओलांडून दुसऱ्या भांगापर्यंत, पाळ्या लावून विद्यार्थ्यांनी दर अर्ध्या तासाला पाणी कुठे आहे ते लिहिलं. रात्रीच्या पाळीला गावातले दोन मच्छीमार सोबत बसत.

चिप्पीची शेवटची झाडं उभी आहेत तिथे पाणी दिवसाकाठी सरासरी साडेअकरा तास राहतं, असं निघालं. आमच्या लागवडीच्या मधल्या भागात पंधरा ते सोळा तास, आणि जिवंत रोपांच्या कोपऱ्यात बारा. कांदळवनाची झाडं साधारण समुद्राच्या सरासरी पातळीपासून वर, उधाणाच्या रेषेपर्यंत वाढतात, हे पुस्तकात मी दरवर्षी शिकवते. ती पातळी आमच्या खाडीत नेमकी कुठून जाते, ते चिप्पीची रांग आधीपासून दाखवत होती.

जिवाच्या जगण्यासाठी लागणाऱ्या एकूण परिस्थितीला (इंग्रजीत ‘निश’) मराठीत कोनाडा म्हणतात. आपल्या चिऱ्याच्या घरांच्या भिंतीत दिव्याचा कोनाडा असतो, त्यावरून हा शब्द समजायला सोपा जातो, पण थोडी दिशाभूलही करतो. भिंतीतला कोनाडा दिवा नसतानाही असतो. जिवाचा कोनाडा पाण्याचे तास, मिठाचं प्रमाण, ऊन, अन्न आणि शेजारी यांनी मिळून बनतो. शेजारी बदलला की तोही बदलतो.

रशियन शास्त्रज्ञ गाउस यांनी १९३० च्या दशकात पॅरामिशियम या एकपेशी जिवाच्या जाती काचनळीत एकत्र वाढवून पाहिल्या. एकाच अन्नावर ठेवलेल्या दोन जातींपैकी एक दुसरीला संपवत असे. पण एका जोडीत दोघीही टिकल्या, कारण एक वरच्या पाण्यातल्या जिवाणूंवर जगत होती आणि दुसरी तळाशी बसलेल्या यीस्टवर. स्पर्धक एकत्र कसे राहतात याचं उत्तर पुष्कळदा असंच निघतं: कुठेतरी दोघांची गरज वेगळी असते, आणि नेमकी कुठे ते शोधावं लागतं.

दुसरा प्रयोग आमच्या चिखलाला जास्त जवळचा आहे, कारण तो बार्नॅकलांवरचाच आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जोसेफ कॉनेल यांनी पाहिलं की खडकाच्या वरच्या पट्ट्यात एक लहान जात असते आणि खालच्या पट्ट्यात दुसरी दांडगी. दांडगी जात खरवडून काढली तेव्हा लहान जात खालीही मजेत वाढली. म्हणजे ती खाली राहू शकत होती, शेजारीण राहू देत नव्हती. दांडगीला मात्र वर सरकता येत नव्हतं, कारण वर उघडं राहण्याचे तास जास्त आणि ती सुकून मरते. १९६१ च्या या कामात दोन गोष्टी वेगळ्या दिसतात: जीव कुठे जगू शकतो, आणि शेजाऱ्यांच्या गर्दीत प्रत्यक्षात कुठे जगतो.

आमच्या वळणावर तिवर दोन ठिकाणी दिसतं, बांधाजवळ आणि चिप्पीच्या आतल्या बाजूला, मध्ये कांदळ. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही तिवराची अशी दुहेरी पट्टी नोंदलेली आहे. तिवर मीठ सोसण्यात पक्कं, पानांवाटे मीठ बाहेर टाकतं. जिभेला पान लावलं तर खारट लागतं, विद्यार्थ्यांना मी हे नेहमी करायला लावते. पण त्याच्या रोपाला ऊन लागतं. कांदळाच्या दाट सावलीत ते उठत नाही, कांदळाचं रोप मात्र तग धरतं. बांधाजवळच्या खाऱ्या कोरड्या जमिनीत कांदळ मागे पडतो. चिप्पी पाणी आणि लाटा सोसते, सावली तिलाही चालत नाही. कोणीच सगळीकडे बलवान नाही, म्हणून एका वळणावर इतक्या जाती नांदतात. हे सगळं फक्त स्पर्धेनेच झालं असं मी म्हणणार नाही. बी कुठवर वाहतं, खेकडे कोणतं बी खातात, यानेही पट्टे पडतात. शेजाऱ्यांमुळे काय होतं हे मोजायला काही झाडं काढून पाहावी लागतील, आणि तो प्रयोग आम्ही करणार नव्हतो.

चिप्पीच्या खालचा प्रश्न वेगळा होता. तिथे कांदळाला अडवणारा शेजारी नव्हता. तिथले पाण्याचे तासच त्याला झेपणारे नव्हते. त्यात भर म्हणून आम्ही शेंगांच्या रूपाने मऊ चिखलात हजारो टणक खांब उभे केले. बार्नॅकलला चिकटायला टणक जागा लागते आणि अन्न गाळून खायला भरपूर तास पाणी लागतं. पाणी तिथे होतंच, जागा आम्ही दिली.

आणि तो चिखल रिकामा नव्हता. काकी आणि आणखी तिघींनी आम्हाला ओहोटीला सोबत नेलं. तिसरे पाण्याजवळच्या वाळूमिश्रित गाळात, मुळे त्याच्या वर घट्ट चिखलात, खुबे वरच्या चार बोटांत. ही वाटणी या खाडीपुरती असेल, पण त्या डोळे मिटून सांगत होत्या. काकींनी चिखलावरची दोन बारीक छिद्रं दाखवली, शेजारी-शेजारी, सुईने टोचल्यासारखी. दोन बोटं खुपसून त्यांनी खालून शिंपला वर काढला. ती छिद्रं म्हणजे पाणी आत घ्यायची आणि बाहेर टाकायची नळी. मी त्या जागेवरून पाचवेळा चालले होते.

हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षीही येतात. चिखल्या आखूड चोचीचा, धावतो, थांबतो, डोळ्यांनी दिसलेलं वरवरचं टिपतो. तुतवार थोडं खोल टोचतो. कुरलाची खाली वळलेली चोच जवळजवळ वीतभर, ती खोल बिळातला खेकडा ओढून काढते. एकाच चिखलावर शेजारी-शेजारी चरतात, तरी प्रत्येकाचं ताट वेगळ्या खोलीवर. लागवडीच्या रांगांत ते उतरत नव्हते. या पक्ष्यांना चारी बाजूंनी मोकळं दिसलेलं लागतं.

समोर असलेले पर्याय

जून तोंडावर आला होता. संस्थेला निधीदाराला अहवाल द्यायचा होता, आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याचे पैसे मंजूर होते. बैठकीत चार गोष्टींवर बोलणं झालं.

पहिली, तिथेच पुन्हा कांदळ लावायचा, यावेळी जास्त दाट. कागदावर हे सगळ्यात सोपं होतं, संस्थेवर दबावही याचाच होता. पण पाण्याचे तास दाट लावल्याने कमी होत नाहीत. फिलिपाइन्समध्ये वर्षानुवर्षं अशाच खालच्या चिखलावर कांदळवर्गीय रोपं लावली गेली आणि बहुतेक मेली, हे मी बैठकीत सांगितलं.

दुसरी, कांदळाऐवजी चिप्पी लावायची. यावर मी स्वतः दोन दिवस अडकले होते, कारण चिप्पी सगळ्यात बाहेर उभी राहते हे खरं आहे. पण चिप्पीची रेषाच तर आम्हाला सीमा दाखवत होती. जगली असती तरी बायकांचं पीक आणि पक्ष्यांचं ताट गेलंच असतं. त्यातच सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, २०११ आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांत चिखलपट्टेही कांदळवनांप्रमाणे संवेदनशील क्षेत्रात धरलेले आहेत. एक संवेदनशील क्षेत्र वाढवायला दुसरं बुजवायचं, हे कुणालाच पटेना.

तिसरी सूचना एका मच्छीमार दादांची. बांधाच्या आत तीन-चार एकर जुनं खाजण पडून आहे. त्यात खाडीचं पाणी एका मोरीतून जायचं, ती दहा-बारा वर्षांपूर्वी गाळाने आणि दगडांनी बुजली. आत उन्हाळ्यात मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो आणि तिवरं गुडघ्याएवढीच राहिली आहेत. "झाडां थंय होती. पाणी दिलात तर परत येतील," दादा म्हणाले. लागवडीचं नाव नाही, नुसती मोरी मोकळी करायची. फ्लॉरिडात रॉबिन लुइस यांनी हेच दाखवून दिलं होतं: पाण्याची ये-जा सुधारली की बहुतेक वेळा बी आपलं आपण येतं.

चौथी, काहीच करायचं नाही. ही सूचना गांभीर्याने घेतली गेली आणि चिखलपट्ट्यापुरती तीच मान्य झाली.

काय केलं

चिखलपट्ट्यावरची लागवड थांबवली, जाळी काढली. जिवंत चारशे रोपांचं काय करायचं यावर मात्र सगळ्यात कडू वाद झाला. बायकांचं म्हणणं, ती काढा. पण कांदळवनाची झाडं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या आदेशाने आणि पुढे २०१८ च्या निकालाने मनाई केली आहे, आणि आपण लावलेलं रोप त्यातून सुटतं असं धरून चालणं मला धोक्याचं वाटलं. वन खात्याच्या अधिकाऱ्यांशी बोललो, त्यांनीही हात लावू नका असंच सुचवलं. रोपं राहिली. मेलेल्या काटक्या मात्र बायकांनी आणि संस्थेच्या मुलांनी मिळून दोन ओहोट्यांत उपटून काढल्या. जाळी कापण्याच्या प्रकरणानंतर ही दोन्ही माणसं एकमेकांशी पहिल्यांदा बोलली ती या कामात.

निधीदाराला खरं सांगायचं की नाही, हा निर्णय संस्थेचा होता. तिथल्या समन्वयक मुलीने मोजणीचे आकडे, मेलेल्या रोपांचे फोटो आणि काकींचं म्हणणं जसंच्या तसं पाठवलं. उत्तर यायला सहा आठवडे लागले. रोपांच्या संख्येऐवजी खाजणाचं क्षेत्र हे उद्दिष्ट मान्य झालं, रक्कम कमी झाली. नकार आला असता तर तिची नोकरी गेली असती, असं तिने नंतर सांगितलं. या प्रकरणात सगळ्यात धैर्याचं काम तिचं आहे.

मोरीच्या परवानग्यांना दहा महिने लागले. काम हाताने केलं, यंत्र आत नेलं नाही. मोरी साफ केली आणि आतली जुनी चर दोन फूट खोल उकरली. माती तिवरांच्या मुळांवर न टाकता बांधावर नेली.

इथे आमच्याकडून एक गोष्ट सुटली. खाजणाला लागून एका शेतकऱ्याचं भाताचं कुणगं, म्हणजे छोटं शेत, आहे. त्याच्या मेरेला (बांधाला) एका जागी खेकड्यांची बिळं होती. मोरी उघडल्यावरच्या पहिल्याच उधाणात खारं पाणी बिळांतून कुणग्यात शिरलं आणि त्या वर्षीचं अर्धं भात करपलं. तो बैठकांना आला नव्हता, आणि आम्हीही त्याच्या घरी गेलो नव्हतो. मेर उंच करून चोपून दिली आणि नुकसानीचे पैसे संस्थेने व पंचायतीने निम्मे-निम्मे दिले. त्याचा राग गेलेला नाही, आणि तो बरोबर आहे.

काय झालं

दोन पावसाळे उलटल्यावर खाजणात चरीच्या दोन्ही बाजूंना तिवराची रोपं दाट आली. आम्ही एकही लावलं नव्हतं. चरीच्या तोंडाशी कांदळाच्या शेंगा आपणहून रुजल्या, तिसाच्या आसपास. जुनी खुरटी तिवरं कमरेपर्यंत आली. मिठाचा पापुद्रा आता फक्त लांबच्या टोकाला दिसतो. चरीत निवटी आली, आणि निवटी आली म्हणून मुलं गळ घेऊन आली. बांधाच्या कडेची मारांडी मागे हटली. यात भरतीच्या पाण्याचा वाटा किती आणि तिवराच्या सावलीचा किती, ते सांगण्याइतकं आम्ही मोजलेलं नाही.

चिखलपट्ट्यावर बायका पुन्हा उतरतात. त्यांच्या सांगण्याप्रमाणे खुबे परत आले, तिसरे अजून पूर्वीइतके नाहीत. याला आकड्याचा आधार मी देऊ शकत नाही, कारण लागवडीआधी शिंपले कुणी मोजलेच नव्हते. हिवाळ्यात चिखल्या आणि कुरल पुन्हा मधोमध चरताना दिसले.

पुन्हा करायचं झालं तर

जागा पाहायला भांगाच्या दिवशी जाणार नाही. निदान एक उधाण आणि एक भांग पाहीन, आणि पहाटेच्या ओहोटीला जो कुणी तिथे काम करत असेल त्याच्यासोबत जाईन. कोण तिथे येतं हे बैठकीत कळत नाही. बायका बोलल्या त्या तिसऱ्या बैठकीत, आणि कुणगंवाला तर बोललाच नाही.

जात निवडताना पहिला प्रश्न हा विचारीन की ही जात या पातळीला आजूबाजूला आपणहून उगवली आहे का. नसेल तर तिला काय अडवतं: पाणी, मीठ, सावली की बियाच पोचत नाहीत? शेवटचं कारण असेल तरच लावण्यात अर्थ आहे. आमच्या खाडीत बिया सगळीकडे पोचत होत्या.

शिंपले, पक्षी आणि रोपं तिन्ही आधी मोजीन, एक चौरस मीटरची चौकट टाकून का होईना. चार बायका आणि दोन ओहोट्या एवढंच त्याला लागलं असतं. आणि उद्दिष्ट रोपांच्या संख्येत असेल तर कागदावर सही करण्याआधी ते बदलून मागीन. नंतर बदलायला एका मुलीला नोकरी पणाला लावावी लागली.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही, तो म्हणजे त्या चारशे रोपांचा. त्यातली दोनशेच्या वर आजही उभी आहेत, काही छातीएवढी, आणि त्यांच्या पायाशी गाळ धरू लागला आहे. चिखल उंच झाला की पाण्याचे तास कमी होतात, आणि आज जिथे झाड टिकत नाही तिथे उद्या टिकू शकतं. कोपऱ्यात आम्ही एक पट्टे मारलेला बांबू ठेवला आहे. दर अमावास्येच्या ओहोटीला काकींची सून त्यावरची चिखलाची उंची पाहून मला फोन करते. गेल्या पावसाळ्यापासून गाळ चार बोटं चढला आहे. कांदळांच्या बाहेरच्या बाजूला या वर्षी चिप्पीची तीन रोपं आली आहेत, आणि काकींनी खुबे काढायला दहा पावलं पुढून सुरुवात केली आहे.